ए३२० साठी कुठली जॉयस्टिक, डीसीएससाठी कुठला थ्रॉटल, आणि जेवणाच्या टेबलावर काय मावतं?

रनवे_सत्तावीस

नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर बरेच दिवस एक्सबॉक्सच्या गेमपॅडवर उडवतोय. विमान वर जातं, गोव्याला पोचतं, सगळं ठीक. पण उतरताना शेवटच्या पन्नास फुटांत अंगठ्याने जे काही होतं त्याला लँडिंग म्हणवत नाही. जरा दाबलं की नाक आकाशात, सोडलं की धावपट्टीत. तेव्हा आता जॉयस्टिक घ्यायची ठरवलंय, जमल्यास सोबत थ्रॉटलही (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा).

परिस्थिती अशी. डोंबिवलीत वन बीएचके. वेगळं टेबल नाही, जेवणाच्याच टेबलावर लॅपटॉप. साडेनऊला ताटं मांडायची म्हणजे सव्वानऊला कॉकपिट मोडायचं. बहुतेक वेळ एअरबसचं ए३२०, मुंबई-मोपा किंवा मुंबई-नागपूर. कधी जुहूवरून सेसना १७२ काढून किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागपर्यंत. त्यात एका मित्राने डीसीएसची (लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरची) चटक लावलीय. तिथे सुखोई-२५टी फुकट मिळतं, तेही शिकायचंय. बजेट पंधरा हजार, फार ताणलं तर वीस.

प्रश्न: जॉयस्टिक घ्यावी की योक (विमानातलं स्टिअरिंगसारखं चाक)? थ्रॉटल वेगळा हवाच का? पायातल्या पेडलशिवाय भागतं का? यूट्यूबवर जो तो पाठीमागे अख्खं कॉकपिट मांडून बसलेला असतो, त्यांचे सल्ले माझ्या टेबलावर मावत नाहीत.

टेलविंड_तात्या

योकचा विचार आधी काढून टाका. जागेची अडचण आहेच. हनीकॉम्ब अल्फासारखा योक टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळावा लागतो, त्याची दांडी आतबाहेर सरकते, मग कीबोर्ड मांडीवर घ्यायची वेळ येते. पण खरं कारण तुमचं विमान. ए३२० ला योक नसतोच.

ए३२० पहिल्यांदा उडालं १९८७ साली. डिजिटल फ्लाय-बाय-वायर असलेलं ते पहिलं प्रवासी विमान. त्यातली साइडस्टिक कुठल्याही तारेने किंवा दांड्याने शेपटीला जोडलेली नाही. ती स्प्रिंगवर बसलेली आहे, सोडली की मध्यावर येते. वैमानिक ती मागे घेतो तेव्हा संगणकाला फक्त सांगत असतो की अमुक इतक्या जोराने वर वळ. हात सोडला की आहे तो मार्ग विमान स्वतः धरून ठेवतं, ट्रिमही (सतत जोर न लावता विमान त्याच स्थितीत राहावं अशी जुळणी) आपलं आपण करतं. हवेचा जोर हाताला कळतच नाही. आता घरच्या जॉयस्टिकमध्ये काय असतं? स्प्रिंग. म्हणजे बाजारातली साधी स्टिक ए३२० च्या बाबतीत खऱ्याच्या बरीच जवळ जाते.

सेसनात उलट. तिथे योकपासून तारा थेट एलिव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीपर्यंत) गेलेल्या. वेग वाढला की योक जड, वेग पडला की सैल. ट्रिमचं चाक फिरवलं की तो जडपणा जातो आणि योक आहे त्याच जागी हाताला हलका लागतो. घरी मात्र ट्रिम फिरवता फिरवता स्टिक हळूहळू मध्यावर सोडत न्यावी लागते, कारण स्प्रिंगचा मध्य काही सरकत नाही. महागडा योक आणला तरी त्यातही स्प्रिंगच. फोर्स फीडबॅकची (मोटरने हाताला जोर जाणवून देणारी) यंत्रं यावर उपाय आहेत, पण वीस हजारांत त्यांचं नाव काढू नये.

थ्रॉटलचंही तेच. एअरबसचे थ्रस्ट लिव्हर टेकऑफनंतर सीएलच्या (क्लाइंब, म्हणजे चढणीच्या) खाचेत ठेवले की उतरताना मागे घेईपर्यंत तिथेच राहतात. ऑटोथ्रस्ट इंजिनाचा जोर कमीजास्त करतो, लिव्हर हलत नाहीत. बोइंग ७३७ मध्ये ते आपोआप मागेपुढे सरकतात. घरच्या थ्रॉटलला सहसा मोटर नसते, त्यामुळे तिथे ऑटोथ्रॉटल काढला की लिव्हर एकीकडे आणि इंजिन दुसरीकडे. ए३२० वाल्याला ही डोकेदुखी नाही. अख्ख्या उड्डाणात लिव्हर चार-पाच ठिकाणी ठेवायचा, बस. खाचा असलेला क्वाड्रंट (लिव्हरची पेटी) मिळाला तर मजा येते, नाही मिळाला तर अडत नाही.

माझं मत: पहिल्या फेरीत एकच स्टिक घ्या, जिची मूठ पिळता येते (तोच तुमचा रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणं; एरवी ते काम पायातली पेडल करतात) आणि जिच्या बुडाशी छोटा थ्रॉटल आहे. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो, थ्रस्टमास्टर टी.१६०००एम, नाहीतर त्याचाच एअरबसी अवतार टीसीए साइडस्टिक. किमती लिहीत नाही, आज लिहिली की सेल संपल्यावर मलाच शिव्या खाव्या लागतात.

मिरचीभजी

कीबोर्डवर मुंबई-लंडन केलंय. बाण दाबायचे. हे सगळे चोचले आहेत.

टेलविंड_तात्या

ते ऑटोपायलटने केलं. तुम्ही मध्ये उठून चहा केलात.

ओझरकर

तात्यांचं ए३२० पुरतं मान्य. पण धागाकर्त्यांना डीसीएसची चटक लागलीय, आणि ती चटक अशी तशी सुटत नाही. तिथे हिशेब बदलतो.

लढाऊ विमानात डावा हात थ्रॉटलवरून आणि उजवा स्टिकवरून उठू नये अशी रचना असते. एअरब्रेक, रेडिओ, रडार, शस्त्रं, सगळी बटणं बोटांखाली. सुखोई-२५टी चं डीसीएसमधलं कॉकपिट माउसने क्लिक करता येत नाही, म्हणजे एकेक काम कीबोर्डवर नाहीतर स्टिकवर. एका हाताने डोंगरात घुसायचं, दुसऱ्याने कीबोर्डवर चाचपडत ट्रिम शोधायची, तेवढ्यात खालून क्षेपणास्त्र. वेगळा थ्रॉटल घेतला की बटणं दोन हातांत वाटली जातात. खरा फायदा हाच. दांडा पुढेमागे करायला बुडाशी लिव्हर आहेच की.

दुसरा फायदा बारीक हालचालीचा. एकदा कुणाच्या तरी पंखाशेजारी फॉर्मेशनमध्ये उडून बघा. नजर समोरच्या विमानाच्या एका ठिपक्यावर, आणि डावा हात सतत किंचित पुढे, किंचित मागे, किंचित पुढे. बुडाशी असलेला तो छोटा लिव्हर बोटाच्या टोकाने ढकलावा लागतो, त्यात हे जमत नाही. थ्रस्टमास्टरचा टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल रुळांवर ८० मिलिमीटर सरळ सरकतो, अख्खा हात त्यावर टेकतो, आणि तो किती घट्ट सरकावा ते खालच्या स्क्रूने ठरवता येतं. जुना झाला की जरा अडखळत सरकतो. रुळ पुसून डॅम्पिंग ग्रीस लावलं की मऊ होतो. घरातलं मशीनचं तेल ओतू नका.

मिग-२१ मधलं एक सांगतो. आमच्या ओझरच्या एचएएलमध्ये ही विमानं बनायची. हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्यांना निरोप दिला, पण डीसीएसमध्ये मिग-२१बिस अजून उडतं. त्याचे ब्रेक पायात नसतात. स्टिकच्या मुठीपुढे एक पट्टी असते, ती दाबली की चाकांना हवेच्या दाबाने ब्रेक लागतो. पट्टी दाबून ज्या बाजूचं रडर पेडल पुढे ढकलाल त्या बाजूला विमान वळतं. म्हणजे रशियन विमानं उडवणाऱ्याला पेडल घेताना टो ब्रेकसाठी (पेडलच्या वरच्या टोकाला पायाच्या बोटांनी दाबायचे ब्रेक) जास्त पैसे मोजायची गरज नाही. उलट उतरायच्या वेगात, नाक वर असताना, आडवं वळायला स्टिकपेक्षा रडर जास्त कामाला येतो. नुसती स्टिक आडवी ओढलीत तर ते तुम्हाला नाशिकचा घाट दाखवतं.

क्रॉसविंड_कन्या

सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिक परवान्याचं) शिक्षण चालू आहे, विदर्भात. १७२ वरच. त्यामुळे ओझरकर दादांच्या उलट सांगणार: सेसना उडवायचं असेल तर थ्रॉटलच्या आधी पेडल.

१७२ चा थ्रॉटल म्हणजे पॅनेलमधून बाहेर आलेला काळा गोल नॉब, ढकला नाहीतर ओढा. शेजारी मिक्स्चरचा लाल. लढाऊ विमानाचा थ्रॉटल घेऊन यातलं काहीच जवळ येत नाही. पण पाय? टेकऑफला पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे जायला लागतं आणि उजवा पाय आपोआप पुढे जावा लागतो. इन्स्ट्रक्टर सुरुवातीला जे सगळ्यात जास्त ओरडतात ते हेच: राइट रडर, राइट रडर.

आणि आडवा वारा. उजवीकडून वारा असेल तर उजवा पंख किंचित खाली, आणि नाक धावपट्टीच्या रेषेत राहावं म्हणून डावा रडर. आता हे पिळायच्या स्टिकवर करून बघा. मनगट उजवीकडे झुकवायचं आणि त्याच वेळी डावीकडे पिळायचं, वर नाक हळूहळू उचलायचं. एका मनगटाकडून तीन कामं. पीळ दिला की थोडा झुकाव बदलतोच. हातापायांत काम वाटलं की ही गुंतागुंत राहत नाही.

एक सूचना मात्र. पेडल हलकी असतील आणि खाली गुळगुळीत फरशी असेल तर ती पायाबरोबर भिंतीपर्यंत जातात. मी खाली जुनी योगा मॅट टाकलीय आणि मागून भिंतीला लाकडी ठोकळा.

आणि कुणी विचारण्याआधी: घरच्या सिम्युलेटरचे तास सीपीएलच्या २०० तासांत धरत नाहीत. पण चेकलिस्ट तोंडपाठ करायला, व्हीओआरची (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारी) सुई समजून घ्यायला आणि सर्किटचा (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीचा) क्रम अंगवळणी पडायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

रनवे_सत्तावीस

सगळ्यांचे आभार. आता गोंधळ वाढलाय. तात्या म्हणतात फक्त स्टिक, ओझरकर थ्रॉटल, ताई पेडल. तिन्ही घेतले तर जेवायचं कुठे?

पक्कड_पाना

गोंधळ बाजूला ठेवा, आधी आत काय आहे ते बघू. मी या वस्तू उघडून दुरुस्त करतो (छंद म्हणून, धंदा नाही), त्यामुळे डब्यावरच्या चित्रापेक्षा सेन्सरकडे माझं लक्ष.

स्वस्त स्टिकमध्ये पोटेंशिओमीटर असतात. उघडलं की दिसतो कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावरून घासत जाणारी धातूची बारीक जीभ. घासते म्हणजे झिजते. सगळ्यात जास्त झिजतो मधला भाग, कारण स्टिक बहुतेक वेळ तिथेच असते. कार्बनचा भुगा आणि धूळ एकत्र झाली की स्टिकला हात न लावता विमान दचकायला लागतं. याला स्पाइक म्हणतात. तात्पुरता इलाज म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पन्नासेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला क्लीनर सहज मिळतो. बिजागरीला मारायचं तेल ते हे नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

हॉल सेन्सरमध्ये घासणं नाही. एक लोहचुंबक फिरतो, समोरची चिप त्याचं क्षेत्र मोजते. टी.१६०००एम चं नाव त्यावरूनच आलंय: आडव्या-उभ्या दोन्ही अक्षांवर प्रत्येकी सोळा हजार पायऱ्या. एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो मध्ये त्याच अक्षांना १०२४ पायऱ्या आणि थ्रॉटलला २५६. आकडे ऐकून भुलू नका, १०२४ पायऱ्यांतही विमान छान उतरतं. फरक जाणवतो तो मध्यावर. हॉल सेन्सरवाली स्टिक वर्षानंतरही मध्यावर शांत असते, मग सेटिंगमध्ये डेड झोन (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करणारा पट्टा) लावावा लागत नाही, आणि उतरतानाच्या त्या किंचित हालचाली विमानापर्यंत पोचतात. मात्र टी.१६०००एम मध्येही मुठीच्या पिळाला पोटेंशिओमीटरच आहे, हे घेतानाच माहीत असू द्या. दिवसभर रडर पिळणाऱ्यांचा आधी तोच जातो.

जुनी घेणार असाल तर विकणाऱ्याच्याच संगणकावर तपासा. विंडोजच्या स्टार्टमध्ये जॉय डॉट सीपीएल टाकलं की गेम कंट्रोलरची चौकट उघडते. चौकोनातलं अधिकचं चिन्ह बघत स्टिक अगदी सावकाश एका कोपऱ्यातून दुसऱ्यात न्या. चिन्हाने कुठेही उडी मारता कामा नये. मग चारही बाजूंनी सोडून बघा, दर वेळी त्याच मध्यावर येतं का. शेवटी मूठ पिळून सोडा आणि ती पट्टी बघा. विकणारे लोक बटणं दाबून दाखवतात, पिळून कुणी दाखवत नाही.

आणि मुठीवर मऊ रबरी लेप असेल तर कोकणच्या हवेत तो दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो. साधं कडक प्लास्टिक बरं. लेप चिकट झालाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढता येतो, पण एक रविवार जातो त्यात.

डावखुरी_मैना

एक दुर्लक्षित मुद्दा. बहुतेक चांगल्या स्टिक उजव्या हाताच्याच मुठीच्या. माझ्यासारख्यांना टी.१६०००एम आणि टीसीए साइडस्टिक सोयीच्या, कारण मुठीचे भाग काढून डाव्या हातासाठी लावता येतात. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटरची डाव्या हाताची वेगळी आवृत्ती आहे.

उजव्या हाताच्या लोकांनीही विचार करावा. ए३२० मध्ये डावीकडे बसणाऱ्या कॅप्टनची स्टिक डाव्या हाताला आणि थ्रस्ट लिव्हर उजव्या हाताला असतात. उजव्या हातात स्टिक धरून डाव्या खुर्चीतून उडवताय म्हणजे हातांनी तुम्ही फर्स्ट ऑफिसरच. मी आपली पहिल्या दिवसापासून कॅप्टन!

रनवे_सत्तावीस

@मैना, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून कॅमेरा उजव्या खुर्चीत.

एडिसनचा_हापूस

न्यू जर्सीहून. इथे व्हीकेबी, व्हर्पिल, विनविंग वगैरे सगळं मिळतं आणि भारतातून दर उन्हाळ्यात कुणीतरी "येताना घेऊन ये" म्हणतंच. आणतो आम्ही, पण तीन गोष्टी.

वजन. थ्रस्टमास्टरचा वॉरथॉग संच धातूचा, सहा किलोंच्या वर जातो. एका बॅगेतला चांगलाच वाटा. वॉरंटी बहुधा जिथे घेतलं त्या देशापुरती असते, डोंबिवलीत बिघडलं तर परत माझ्याकडेच पाठवायचं. आणि हातातल्या बॅगेत टाकू नका. एक्सरेमध्ये ट्रिगर असलेली मूठ दिसली की सुरक्षा तपासणीत बॅग उघडून सगळ्या रांगेसमोर समजावून सांगावं लागतं.

वॉरथॉगबद्दल आणखी एक, कारण त्याचं नाव प्रत्येक चर्चेत निघतं. ती ए-१०सी या अमेरिकी लढाऊ विमानातल्या स्टिक-थ्रॉटलची नक्कल आहे, दिसते सुंदर, पण तिची मूठ पिळत नाही. म्हणजे पेडल सक्तीची. आमच्याकडे एक जण उत्साहात घेऊन आला आणि हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलल्यावर स्वतःभोवती गोल फिरत राहिला.

सुसाट

माझं वेगळं मत. स्वस्त घेऊन पुन्हा महाग घेण्यापेक्षा थांबा, पैसे साठवा, एकदाच व्हीकेबी ग्लॅडिएटर आणि चांगली पेडल घ्या. स्वस्त वस्तू दोनदा विकत घ्यावी लागते.

टेलविंड_तात्या

सुसाटराव, पैसे साठेपर्यंत माणसाने अंगठ्यानेच उतरायचं का? कुठल्या प्रकारचं उडणं आपल्याला धरून ठेवणार हे काही महिने उडल्याशिवाय कळत नाही. मी हेलिकॉप्टरसाठी सुरुवात केली आणि आता ग्लायडर सोडून काही उडवत नाही. आधीच पन्नास हजार घातले असते तर सगळा सरंजाम हेलिकॉप्टरचा असता. आणि बरी स्टिक जुन्या बाजारात चांगल्या किमतीला जाते, पैसे अगदीच पाण्यात पडत नाहीत. ग्लॅडिएटर उत्तम आहे यात वाद नाही, तिच्यात दोन अक्षांना वेगवेगळ्या स्प्रिंग बदलून लावता येतात, मध्यावर हात अडखळत नाही. पण ती दुसरी स्टिक म्हणून.

बजेट उरलंच तर थ्रॉटल किंवा पेडलच्याही आधी एक फुकटची गोष्ट करा. ओपनट्रॅक नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. लॅपटॉपच्या वेबकॅमसमोर मान वळवली की कॉकपिटमध्ये नजर वळते. सर्किटमध्ये डावीकडे वळताना धावपट्टी कुठे आहे ते मान वळवून बघता येणं, याने माझी लँडिंग जितकी सुधारली तितकी कुठल्याही हार्डवेअरने नाही. शिवाय नजर फिरवायला अडकलेलं हॅटचं (मुठीवरचं सगळ्या दिशांना ढकलायचं) बटण ट्रिमसाठी मोकळं होतं.

क्रॉसविंड_कन्या

+१ ओपनट्रॅकला. फक्त पाठीमागे खिडकीचा उजेड नको, चेहरा सापडत नाही त्याला.

रनवे_सत्तावीस

अपडेट. टी.१६०००एम घेतली, एकटी. थ्रॉटल आणि पेडलचा विचार पगारवाढीनंतर. बजेटमधले बरेच पैसे शिल्लक आहेत हे घरी सांगितलेलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मोपाला उतरलो आणि चाकं टेकली ते कळलंसुद्धा नाही. अंगठा आणि मनगट यांत एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. पण तीन अडचणी आहेत.

एक, डीसीएसमध्ये सुखोई सुरू केलं की स्टिकला हात न लावता विमान डावीकडे कलतं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये असं होत नाही.
दोन, ए३२० मध्ये बुडाचा थ्रॉटल पूर्ण मागे घेतला तरी कधी आयडल येतं, कधी येत नाही.
तीन, टेबलाला सनमायका आहे. जोरात ओढली की स्टिक बुडासकट माझ्याकडे येते.

ओझरकर

गेमपॅड अजून लॅपटॉपला लावलेला आहे का? डीसीएस प्रत्येक नव्या यंत्राला स्वतःहून पिच (नाक वर-खाली) आणि रोल (आडवं कलणं) देऊन टाकतं. गेमपॅडची काठी जुनी होऊन किंचित डावीकडे सरकली असेल तर ती आणि तुमची स्टिक दोघी मिळून विमान चालवतायत. कंट्रोल्समध्ये जा, वरून सुखोई निवडा, अक्षांचा विभाग उघडा. प्रत्येक यंत्राचा एक उभा रकाना दिसेल. गेमपॅडच्या रकान्यातलं पिच, रोल, रडर, थ्रस्ट सगळं पुसा. पुढे थ्रॉटल नाहीतर पेडल घेतलीत तरी पहिलं काम हेच. नाहीतर पायाने ब्रेक दाबला की नाक खाली जातं.

तिथेच पिच आणि रोलच्या वक्राला पंधरा-वीसचा आकडा द्या. मध्यावर विमान शांत होईल, टोकाला पूर्ण ताकद तशीच राहील. थ्रॉटलला वक्र नको, तो सरळच.

टेलविंड_तात्या

दुसऱ्याचं उत्तर कॅलिब्रेशन. फ्लायबायवायर नावाच्या गटाने सिम्युलेटरसाठी बनवलेलं ए३२० (ए३२एनएक्स) वापरत असाल तर कॉकपिटमधल्या टॅब्लेटमध्ये थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे. लिव्हर आयडलला ठेवा, नोंदवा, मग सीएल, एफएलएक्स, टोगा (शेवटच्या दोन टेकऑफच्या जागा). तुमच्या लिव्हरला खाचा नाहीत, म्हणून प्रत्येक जागेभोवती जरा रुंद पट्टा ठेवा. मी लिव्हरच्या बाजूला बुडावर मार्करने रेघा मारल्या आहेत, न बघता नखाला लागतील अशा. रिव्हर्स (उतरल्यावर थांबायला इंजिनाचा उलटा जोर) वेगळ्या बटणाला द्या, त्याच लिव्हरवर कोंबू नका.

पक्कड_पाना

तिसऱ्याचं माझ्याकडे. घरात लाकडी पाट आहे का? नसेल तर सुताराकडून पाऊण इंची प्लायवुडची फळी कापून घ्या, मांडीवर आडवी टेकेल एवढी. स्टिक तिच्यावर रुंद वेल्क्रोने बसवा. वेल्क्रो लावण्याआधी स्टिकचं बूड आणि फळी दोन्ही स्पिरिटने पुसा, नाहीतर आठवड्यात सुटतो. फळी मांडीवर घेतली की टेबलाचा प्रश्नच मिटला, आणि मनगट कोपराच्या खाली येतं त्यामुळे हात दुखत नाही. सव्वानऊला फळी उचलून कपाटामागे उभी करायची, वायर गुंडाळून. पुढे थ्रॉटल आला तर त्याच फळीच्या डाव्या टोकाला जागा सोडून ठेवा.

रनवे_सत्तावीस

गेमपॅडच होता. काढला, सुखोई सरळ उडतंय. कॅलिब्रेशनही झालं. पाट सासुबाईंकडचा मिळालाय, शिसवी, त्याला वेल्क्रो लावू देतील असं वाटत नाही. प्लायवुड बघतो.

ओझरकर

छान. रविवारी रात्री दहाला आम्ही चौघं डीसीएसमध्ये कॉकेशसच्या नकाशावर असतो, बाटुमीहून निघतो. फॉर्मेशन शिकायला या. बुडाच्या लिव्हरवर किती वेळ टिकता ते बघू, मग थ्रॉटलचं बोलू. माइक असेल तर आणा.

मिरचीभजी

कीबोर्डवाल्यांना घेता का?

ओझरकर

घेतो. तुम्ही टँकर चालवा, सरळ रेषेत.